माइकजवळची जागा

नवरदेवाची घोडी मारुतीच्या देवळासमोर थांबली की एक लांब सूर धरायचा, ही आमच्या बँडची जुनी पद्धत. त्या वेळी ढोल गप्प, झांजा गप्प, गाणारा गप्प; एकटा ट्रम्पेट. नवरदेव उतरून देवळाची पायरी चढेपर्यंत तो सूर तुटू द्यायचा नाही. नाचणारे तेवढ्यापुरते थांबतात, कुणी टोपी नीट करतं, बायका डोक्यावर पदर घेतात. आमच्या कोकणात हे नाही. इकडं मराठवाड्यात लग्न लागायच्या आधी नवरदेव घोडीवर बसून वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो, त्याला परण्या म्हणतात. परण्यातला तो लांब सूर धरायचं काम माझ्याकडं होतं.

त्या हिवाळ्यात औरंगपुऱ्याकडच्या एका लग्नात मी सूर धरला आणि मध्येच मला खोकला आला. ट्रम्पेट तोंडावरून काढायलाही सवड मिळाली नाही. खोकला थेट नळीत गेला आणि पुढून जो आवाज निघाला तो म्हैस शिंकावी आणि त्याच वेळी एसटीनं हॉर्न द्यावा, असा काहीतरी होता. घोडी मागं सरली. नवरदेवाचा एक पाय रिकिबीत, दुसरा हवेत. त्याच्या मामाला वाटलं नवीन गाणं सुरू झालं, तो हात वर करून नाचायलाच लागला. पोरं ओरडली, "वन्स मोअर!"

सगळे हसले, मीही हसलो. पण हसता हसता मला जाणवलं की ट्रम्पेट खाली घेतलाय तरी शिट्टी वाजतेय. ती माझ्या छातीत वाजत होती.

रात्री खोलीवर मी ट्रम्पेट साफ करायला बसलो. दोरीला फडकं बांधून ते नळीतून ओढायचं, अशी आमची रीत. पूर्वी फडकं हिरवट यायचं, पितळेचा तो रंग. आता दर खेपेला काळं येत होतं, तव्याचं बूड पुसल्यासारखं. मी त्या फडक्याकडं बघत बसलो आणि मनात एकच विचार: ही एवढीशी नळी मी फडक्यानं पुसतो, माझ्या आतल्या नळीचं काय?

मी भित्रा माणूस आहे हे आधीच सांगून ठेवतो. सातवीनंतर माझी शाळा सुटली. मला गणित आवडत नव्हतं आणि गणितालाही मी आवडत नव्हतो. गावच्या देवळात सनई वाजवायचो, तेवढंच काय ते येत होतं. पुढं एका उन्हाळ्यात आंब्याच्या ट्रकबरोबर पेट्या उतरवायला म्हणून संभाजीनगरच्या फळबाजारात आलो. ट्रक परत गेला, मी राहिलो. का राहिलो, तर एका गल्लीत बँडची तालीम चालली होती आणि मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. आत बसलेल्या म्हाताऱ्या मालकांनी विचारलं, "क्या रे, बजाता है क्या?"

"सनई वाजवतो."

"कुठला तू?"

"देवगडकडचा."

"कोकणी! इतक्या लांबून ऐकायला आला?" असं म्हणून त्यांनी पोचे आलेला एक ट्रम्पेट माझ्या हातात दिला. तेव्हापासून ते माझे चाचा आणि मी त्यांचा कोकणी. माझं खरं नाव बँडमधल्या कुणाला आठवत असेल असं मला वाटत नाही.

चाचांनी मला जे शिकवलं त्यात पहिला धडा श्वासाचा. "सांस खर्चायचा नाय. रखून रखून द्यायचा. ऐसे, जैसे माँ बच्चे कू दूध देती, थोडा थोडा." ओठ आवळायचे, पोट घट्ट धरायचं आणि हवा केसासारखी बारीक सोडायची. मी ते इतकं घोटलं की मेणबत्तीसुद्धा मी एका फुंकरीत विझवत नव्हतो, ती बिचारी थरथरत राहायची.

मग काही वर्षांनी चाचांनी मला माइकजवळची जागा दिली. आता हल्लीच्या बँडची मांडणी सांगायला हवी. पुढं ढोल-ताशे, मग झांजा, मग बाकीची वाजंत्री, आणि सगळ्यात मागं ट्रॉली. ट्रॉली म्हणजे चाकांवरचा भलामोठा सांगाडा. त्यावर स्पीकर, रंगीत दिवे, गाणाऱ्याचा माइक, आणि हे सगळं चालवणारा डिझेलचा जनरेटर. त्या ट्रॉलीला आणखी एक माइक बांधलेला असतो. बँडमधला जो सगळ्यात चांगला, त्यानं त्या माइकसमोर चालायचं. त्याचा सूर अख्ख्या वरातीला ऐकू जातो. मला ती जागा मिळाली त्या दिवशी मी घरी आईला फोन केला. आई म्हणाली, "माइकवर वाजवतंस? मगे आमका हंयसर ऐकू येतला काय?"

मानाच्या त्या जागेच्या बरोबर खाली जनरेटरची धुराची नळी होती, हे मी आईला सांगितलं नाही. मलाच ते तेव्हा कळलं नव्हतं. म्हणजे धूर दिसत होता, पण मानाच्या जागी उभा असलेला माणूस पायाखाली बघत नाही.

आणि हवा तरी एकट्या जनरेटरची कुठं होती? मी आलो तेव्हा खोलीच्या गच्चीवरून सकाळी चहा पिताना डोंगर दिसायचे, कडा मोजून घ्याव्यात इतके स्वच्छ. आता हिवाळ्यात ते सूर्य बराच वर आल्यावर हळूहळू उगवतात, तेही मळकट. रस्ते खणले जातात, बुजवले जातात, पुन्हा खणले जातात. ती माती गाड्यांच्या चाकांनी दिवसभर उडत राहते. क्रांती चौकात सिग्नलला एवढ्या गाड्या साचतात की सिग्नल सुटला तरी धूर तिथंच थांबून राहतो. संध्याकाळी कुठंतरी कुणीतरी कचरा पेटवलेला असतोच. एका चौकात हवा कशी आहे ते रंगात दाखवणारी पाटी लागली, तेव्हा आमचा ढोलवाला रोज जाता-येता ती बघून मला सांगायचा, "कोकणी, आज पाटी लाल हाय. आज तू नुसता उभा रहा, मी वाजवतो."

पाटी हिरवी झालेली आम्ही बघायचो ती पावसाळ्यात. आणि पावसाळ्यात लग्नं नसतात.

खोकल्याचं मी चाचांना सांगितलं नाही. सांगायचं कसं? ज्या माणसानं मला रस्त्यावरून उचलून आत घेतलं, त्याला जाऊन म्हणायचं की तुम्ही दिलेल्या जागेनं मला त्रास होतो? आणि सांगितलं, तर जागा जाणार. जागा गेली, सूर गेला, तर माझ्याकडं दुसरं काय होतं? सातवी पास माणसाला एक सूर येत होता, तेवढ्यावर तो घरापासून इतक्या लांब उभा होता. मी खोकला दाबायला लागलो. खिशात लवंग, आलं, खडीसाखर. वाजवायच्या आधी मी किराणा दुकानासारखा वास मारायचो.

पण घरमालकीणबाईंपासून काही लपत नाही. पिशोरकडच्या त्या. मुलाला कंपनीत नोकरी लागली म्हणून शहरात आल्या, ज्वारी अजून गावाकडूनच येते. माझ्या खोलीची भिंत आणि त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत एकच. एक दिवस सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "बाबू, किती खोकतो रं? माझी भाकर तव्यावर उडी मारायली तुझ्या खोकल्यानं."

"काही नाही मावशी, धूळ गेली."

"रोजच जायली का धूळ? ऊठ, कपडे घाल. दवाखान्यात जायचं."

"मावशी, मला आज तालीम..."

"तालीम-बिलीम काय नाय. व्हय म्हन अन् चल."

छातीच्या दवाखान्यात मला एका छोट्या खोलीत बसवलं. तिथं एक ताई होत्या, समोर पडदा आणि एक यंत्र, त्याला जाड नळी. त्यांनी माझ्या नाकाला चिमटा लावला आणि म्हणाल्या, "नळीभोवती ओठ घट्ट. खोल श्वास घ्या आणि एकदम जोरात सोडा. थांबायचं नाही."

माझ्या मनात आलं, हिला काय माहीत आपण कोण ते. फुंकायची परीक्षा आहे ना? मग चाचांची शिकवण दाखवू या. मी पोट घट्ट धरलं, ओठ आवळले आणि केसासारखी बारीक, सरळ हवा सोडली. कुठं हेलकावा नाही, कुठं तुटणं नाही. ताई "जोरात, जोरात, जोरात" म्हणत होत्या. मला वाटलं, उत्साह देतायत. पडद्यावर एक रेघ जमिनीवरून सरपटत निघाली.

"परत करा," त्या म्हणाल्या.

मी परत केलं, पहिल्यापेक्षा सुरेख.

"दादा, नाश्ता करून आलात ना? जीव लावून फुंका की जरा!"

बाहेर रांग मोठी होती. तिसऱ्या खेपेलाही मी तसाच सूर धरला आणि त्यांच्याकडं बघून थोडा हसलोसुद्धा. त्यांनी मान हलवली आणि कागद आत डॉक्टरांकडं पाठवला.

डॉक्टर तरुण होते, कागद उलटसुलट करून बघत होते. म्हणाले, "एकतर ही तपासणी नीट झालेली नाही, नाहीतर तुमची छाती फारच आवळली आहे. दोन्हीतलं काय ते बघू. परवा परत या. तोवर ट्रम्पेट बंद."

माझ्या कानात शेवटचे दोनच शब्द राहिले.

बाहेर आल्यावर मावशींनी विचारलं, "काय म्हनले?"

"बंद म्हणाले."

"काय बंद? दही? तेलकट?"

"ट्रम्पेट."

मावशी बाकावर बसल्या. "अरं देवा. मग तू खाशील काय?" आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाल्या, "माझ्याकडं खाशील, दुसरं काय. पन ते तोंड सरळ कर आधी. मेल्यावानी करू नको."

मी चाचांना निरोप पाठवला की ताप आलाय. दुसऱ्या दिवशी चाचा पपई घेऊन माझ्या खोलीत हजर. कपाळाला हात लावून बघितला, थंड. तोवर मावशी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि तांब्या ठेवता ठेवता सगळं सांगून मोकळ्या झाल्या. खोकला, दवाखाना, नळी, सरपटणारी रेघ.

मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता जागा गेली.

चाचा उठून उभे राहिले. "क्या बोले? इसकू फूंकना नहीं आता?"

"तसं नाही, चाचा..."

"मैंने सिखाया है इसकू! पूरे शहर में इसके जैसा सांस कोई नहीं धरता, और वो मशीन बोलती इसमें दम नहीं? चल. ट्रम्पेट ले."

"चाचा, उद्या बोलावलंय."

"कल का मुहूर्त निकाला है क्या? आज चल."

अशी आमची वरात निघाली. पुढं चाचा शेरवानीची बटणं लावत, मागं कापडात गुंडाळलेला ट्रम्पेट घेऊन मी, आणि माझ्या मागं मावशी. "मी बघितलंय सगळं, मीच सांगते" म्हणून.

तपासणाऱ्या ताई डबा खाऊन हात धूत होत्या. चाचा म्हणाले, "बाई, हा मुलगा एका श्वासात नवरदेवाला घोडीवरनं उतरवून पायरी चढवतो."

ताई माझ्याकडं बघायला लागल्या. "उचलून?"

मग मी त्यांना परण्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "दाखवा बरं. पण इथं नको, पेशंट घाबरतील. मागच्या फाटकाबाहेर चला."

फाटकाबाहेर लिंबाचं झाड होतं. मी ट्रम्पेट तोंडाला लावला. सूर धरला; पूर्वीइतका लांब नाही गेला, शेवटी छाती आवळून आली, पण तुटला नाही. ताई आधी माझ्या बोटांकडं बघत होत्या, मग गालाकडं, मग पोटाकडं. आणि एकदम त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं बाई! दादा, तुम्ही माझ्या मशीनला ट्रम्पेट समजलात!"

"म्हणजे?"

"तुम्ही श्वास जपून जपून दिला. मला तो उधळायला हवा होता. सगळाच्या सगळा, पहिल्या झटक्यात."

"उधळायचा?" चाचांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "इतका चांगला सांस? फुकट?"

"फुकटच, चाचा. तसं केलं तरच नळ्या किती उघड्या आहेत ते कळतं."

पुन्हा तीच खोली, तोच चिमटा. पण इतक्या वर्षांची सवय, ओठ आपोआप आवळले जायचे. पहिली खेप वाया, दुसरी वाया. चाचांना तर बघवेना, ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. तेवढ्यात दारातून मावशी ओरडल्या, "बाबू, चुलीतली राख उडवायचीय असं समज! अन् समोर भाडं मागायला मीच बसलेय असं समज!"

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच सगळी हवा भसकन बाहेर पडली. पडद्यावरची रेघ उडाली, वर गेली आणि मग खाली आली. ताईंनी टाळी वाजवली. मग तोंडात औषधाचा फवारा दिला, थोडा वेळ बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. या वेळी रेघ आणखी वर गेली.

डॉक्टरांनी आम्हा तिघांनाही आत घेतलं. "छाती गेलेली नाही," ते म्हणाले. मावशींनी तिथंच हात जोडले. "नळ्या सुजून आवळतात, औषधानं उघडतात. उघडतात ही चांगली गोष्ट. पण रोज धूर जात राहिला, तर एक दिवस औषधालाही दाद देणार नाहीत. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ नाकात अडकते. धुरातले बारीक कण मात्र पार खोल जातात, काही तर रक्तात उतरतात. मग नुसती छाती नाही, हृदयाचीही काळजी. माझ्याकडं आता असे किती लोक येतात! रिक्षावाले, भाजीवाले, शाळेतली लेकरं. पूर्वी हे हिवाळ्यापुरतं असायचं. शहराची हवा तुम्ही-आम्ही एका दिवसात बदलू शकत नाही. पण जवळचा धूर तरी टाळता येतो. ट्रम्पेट बंद नको, धूर बंद. वाजवताना तुम्ही उभे कुठं असता?"

मी ट्रम्पेटवरचं कापड नीट करायला लागलो.

"कुठं असता?"

"माइकजवळ," मी म्हणालो.

"आणि माइक?"

"ट्रॉलीला बांधलेला असतो."

"ट्रॉलीवर आणखी काय असतं?"

मी चाचांकडं बघितलं नाही. उत्तर त्यांनीच दिलं, हळू आवाजात. "जनरेटर." मग म्हणाले, "मैंने ही खडा किया इसकू वहाँ. सगळ्यात चांगला म्हणून."

परत येताना रिक्षात चाचा बाहेर बघत बसले. माझी भीती पुन्हा वर आली. शेवटी मीच म्हणालो, "चाचा, माइक दुसऱ्याला द्या. मी कुठंही वाजवीन."

"दुसऱ्याला कशाला देऊ? त्याला छाती नाही का?" ते म्हणाले. "कायकू नहीं बोला रे मेरेकू?"

"तुम्ही दिलेली जागा होती, चाचा."

"जागा मेरी थी," ते म्हणाले, "छाती तो तेरी माँ ने दी थी ना? तिला काय तोंड दाखवलं असतं मी?"

मावशींनी पर्समधून खडीसाखर काढून दोघांच्या हातावर ठेवली.

त्या आठवड्यात तालमीत जी उलथापालथ झाली ती बघायला शेजारपाजारचे जमले होते. आधी चाचांनी जनरेटर वेगळ्या हातगाडीवर घालून पार मागं नेला आणि लांब वायर टाकली. पहिल्याच वरातीत नवरीच्या काकांचा पाय वायरीत अडकला आणि ते नाचतायत असं समजून लोकांनी त्यांच्यावर फुलं उधळली. मग वायर ट्रॉलीच्या बाजूनं उंच बांधली. तरीही ट्रॉलीजवळ धूर यायचाच, म्हणून चाचांनी शेवटी मांडणीच उलटी केली. फुंकणारे सगळे पुढं, ढोलाच्याही पुढं, मोकळ्या हवेत. माइक राहिला गाणाऱ्यापुरता, आणि त्यालाही चाचांनी ट्रॉलीच्या वाऱ्याकडच्या बाजूला उभं केलं. आमच्या ढोलवाल्याला हे पटलं नव्हतं. "आजवर वरातीचं तोंड आमी होतो, आता कोकणी झाला," असं तो आठवडाभर म्हणत होता.

या नव्या मांडणीच्या पहिल्या लग्नात नवरदेवाच्या वडिलांनी तक्रार केली. "चाचा, मागं ट्रम्पेट ऐकूच येत नाही."

"तर पुढं या," चाचा म्हणाले. "पुढं हवापण चांगली आहे."

आणि खरंच, म्हातारी माणसं, कडेवर लेकरं घेतलेल्या बायका हळूहळू पुढं सरकायला लागल्या. धुरात नाचायची हौस असलेले मागं ट्रॉलीजवळ नाचत राहिले.

शहराची हवा काही आमच्या मांडणीनं बदलली नाही. चौकातली पाटी अजून लाल असते तेव्हा लालच असते. माझ्या खिशात आता खडीसाखरेबरोबर फवाराही असतो, आणि पाटी लाल दिसली की माझा हात आपोआप खिशावर जातो. भित्रा तो भित्राच. पण मला भीती वाटते हे आता मी सांगतो. सकाळी मावशींना, तालमीत चाचांना, आणि आईलासुद्धा सांगितलं. आई म्हणाली, "फवारो कसलो? पोरग्या, आंबे पाठयतंय तुका."

परवा एक परण्या क्रांती चौकाच्या अलीकडं सिग्नलला अडकला. आमच्या बरोबर पुढं एक जुनी बस, आणि तिच्या मागच्या नळीतून काळे लोट. चाचांनी हात वर केला. हा त्यांचा नवा नियम: धूर दिसला की फुंकणाऱ्यांनी वाद्य खाली घ्यायचं आणि ढोलवाल्यांनी सांभाळायचं. हा नियम झाल्यापासून ढोलवाल्याचा राग पार गेलाय; शहरातला प्रत्येक सिग्नल आता त्याचाच. तो घुमायला लागला. नवरदेव घोडीवरनं वाकून म्हणाला, "चाचा, उशीर होतोय, मुहूर्त आहे!"

चाचा त्याच्याकडं न बघता म्हणाले, "मुहूर्त कू सांस नहीं लगता, बेटा. इसकू लगता है."

बस वळली. धूर विरायला थोडा वेळ लागला, चाचांनी हात वरच ठेवला होता. ढोलवाल्यानं तेवढ्यात आणखी एक फेरी मारून घेतली. मग चाचांनी माझ्याकडं बघून भुवई उडवली, मी मान हलवली, आणि त्यांनी हात खाली घेतला.